कातळावर केलेली माती

काकी,

तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सतीशभाऊंनी मला पडवीत बोलावून सांगितलं, की सड्यावरची, वरच्या कातळाची जागा चिरेखाणीला दिली. आमच्याच खाणीला. माझे मालक, घरधनी, ज्या खाणीवर ट्रॅक्टर चालवतात, ती आता तुझ्या दगडी गडग्याच्या आत येणार.

तुझा मुलगा वाईट माणूस नाही, हे मी तुला काय सांगायचं. खाली मान घालून बोलत होते. म्हणाले, "वयनी, आयेन तुका इचारल्याशिवाय त्या जमनीत काय केल्यान नाय, म्हणान तुका आधी सांगतंय. मी मुंबयसून येवन कितपत बघतलंय? आणि थंय काजूची चार झाडां. बाकी काय आसा थंय?"

बाकी काय आहे. तुला ठाऊक आहे, बोलायला हवं तिथं माझी जीभ टाळूला चिकटते, आणि नको तिथं शंभर प्रश्न सुचतात. 'माती आहे' एवढंच म्हणायचं होतं मला. तर भाऊच पुढं म्हणाले, "माती होयी तर ने. खाणवाले ती काडून बाजूक टाकतलेच."

खाणवाल्यांच्या लेखी ती माती नाहीच गं काकी. दगडावरची अडचण आहे.

माझी सहावीत शाळा सुटली. लिहायचा सराव नाही. पण तुझ्याशी तोंडानं बोलायचं जे राहिलं ते आता कुठं बोलू? विहिरीवर गेले तर बाया बघतात. म्हणून लिहिते.

आम्ही आटपाडीकडची माणसं. आमच्याकडं ढग येतात, बघतात आणि पुढं जातात. मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, माळाची जमीन. पाऊस पडलाच तर वर पापडी धरते आणि पाणी आत न जाता वरच्या वर पळतं. नांगर फिरवला तर ढेकळं निघतात, ती फोडली तर पीठ होतं आणि वारा ते पीठ घेऊन जातो. म्हणून आम्ही घाट उतरून इथं आलो. खाणीवर घाटावरची माणसं लागतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. खाणीच्या कडेला पत्र्याची खोली मिळाली, आणि पाणी तुझ्या विहिरीचं.

पहिल्या दिवशी हंडा घेऊन आले तर तू वर बघितलंससुद्धा नाहीस. "पाणी होया? मगे तो पाल्याचो भारो वर सड्यार टाकून ये." मी मनात म्हटलं, बाई कजाग दिसते. भारा डोक्यावर घेतला, वर टाकून आले. खाली येते तर हंडा भरलेला, आणि शेजारी गरम पेज, वर भाजलेला सुका बांगडा. मी वासानंच मागं सरले.

"घाटीण मा तू?"

"व्हय."

"मगे कसा खातलंस!" म्हणत बांगडा उचललास आणि आंब्याच्या लोणच्याची फोड टाकलीस. हसलीस मात्र नाहीस. तुला हसताना बघायला मला वर्ष लागलं.

घाटीण. काकी, सुरुवातीला तो शब्द मला फार लागायचा, हे मी तुला कधी बोलले नाही. मग एकदा बाजारात दुसऱ्या कुणी मला घाटीण म्हटलं तर तू त्याच्या अंगावर गेलीस, "ती आमची घाटीण आसा, तुझी न्हय!" त्या दिवसापासून लागायचा बंद झाला. हेही बोलले नाही.

त्या भाऱ्याचं कोडं मला दुसऱ्या दिवशी सुटलं. तू मला सड्यावर घेऊन गेलीस. गावाच्या डोक्यावरचा तो काळा कातळ, मध्ये मध्ये वीतभर खोल खळगे, त्यात चिमूटभर माती आणि करपलेलं गवत. चार महिने वरून पाणी वाहून जातं आणि आठ महिने आमच्या आटपाडीहून वाईट. मी पाय आपटला. आमच्या माळावर येतो तसाच आवाज आला. मला रडूच आलं. वाटलं, एवढा घाट उतरून आलो ते कशासाठी?

तू म्हणालीस, "हय माती होती गो. माझो सासरो सांगायचो. दरवर्सा आग घातली, जळान गेली."

तुमच्या गावची ती रीत मला नवीन होती. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर शेण, झाडांच्या फांद्यांचे टाळे, पालापाचोळा सगळं पसरायचं आणि पेरणीआधी पेटवून द्यायचं. भाजावळ. उन्हाळा सरता सरता सगळ्या गावावर धूर. राखेवर रोप जोमानं येतं, तण मरतं, हे खरंच आहे, मी डोळ्यांनी बघितलंय. पण तू एकटी अडून बसलीस. जाळायचं नाही, कुजवायचं. लोक जाळायच्या आधी जाऊन तू रानातला पाला गोळा करायचीस आणि त्यावरून निम्म्या गावाशी भांडायचीस. खालच्या वाडीचा भिकू तुला चिडवायचा, "काकी, पाल्याची भाजी करतंस काय गो?"

"होय रे. तुझ्या बापाशीक आवडायची. जा, इचारून ये."

त्याचा बाप जाऊन तर जमाना झाला होता.

मग मी तुझ्या हाताखाली लागले. पाण्याच्या बदल्यात म्हण, पेजेच्या बदल्यात म्हण, नाहीतर मला दुसरं कुणी नव्हतं म्हणून म्हण. खळग्याच्या उतरत्या बाजूला दगडांचा गडगा घालायचा. तळाला नारळाची सोडणं उताणी मांडायची, म्हणजे त्यांच्या वाट्यांत पाणी राहतं. वर ऐनाचा पाला, काजूचा पाला, मग शेणकाला, मग ओहोळातनं आणलेली गाळाची माती, मग परत पाला. दिवाळीपर्यंत सगळं बसून हातभर खाली जायचं. मला वाटायचं, गेलं सगळं. तू म्हणायचीस, "जावंदे. पोटात गेला ता काय गेला?" आणि परत वरून घालायचीस. उन्हाळ्यात तर तुझा एकच धोशा, "नागडी ठेव नको तिका. झाक." आपल्या पोरीबद्दल बोलावं तसं.

मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची. सोडणं उताणीच का, शेण ओलं का सुकं, पाला अजून किती. "तुका इचारूचो रोग आसा गो," तू म्हणायचीस. पण दोन्ही वेळा सांगायचीस. दुसऱ्या वेळी शिवी घालून, पण सांगायचीस. काकी, मला आयुष्यात कुणी दुसऱ्यांदा काही सांगितलं नव्हतं. शाळेतसुद्धा नाही.

आणि मग एका श्रावणात तू वरून ओरडलीस, "अगो ये, पावणो इलो, पावणो!" मला वाटलं मुंबईहून कोण आलं. धावत वर गेले तर तुझ्या तळहातावर गांडूळ. कातळावर, जिथं गवताला धड मूळ धरता येत नव्हतं, तिथं गांडूळ. त्या दिवशी तू हसलीस. पुढचे दात नसलेलं ते हसू. मी ते सारखं आठवते, आणि आठवून सोसवत नाही.

हळूहळू नाचणी झाली, कुळीथ झाले. वेंगुर्ल्याहून काजूची कलमं आणलीस ती धरली. मातीत मनगटापर्यंत हात जायला लागला. मी तर कधी कधी उगाच हात घालून बसायची. आत गार लागायचं.

त्यातच ते मासळीचं झालं. माडांना तुम्ही मासळीचं खत घालता, तेच वर घालायचं तुझ्या डोक्यात आलं. त्या वर्षी ताज्या मासळीची कुटी मिळेना, म्हणून मालवणच्या बंदरावरून खारवलेल्या मासळीची उरलीसुरली घाण टेम्पो भरून आणलीस. काय तो वास! टेम्पोमागं गावातली सगळी कुत्री, वर कावळ्यांचा मांडव. मी नाकाला पदर लावून टोपल्या वाहिल्या, आणि तू मला हसत होतीस, "माळकऱ्याच्या सुनेक मासळी उचलूक लायलंय, माका नरकात पण जागा नाय." महिनाभरात काजूच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. कुळीथ उगवलेच नाहीत. तू गडग्यावर बसलीस आणि एक ढेकूळ उचलून चक्क जिभेला लावलंस.

"मीठ घातलंय गो मी. माझ्याच हातान."

मी घाबरून गेले. मला वाटलं, आता संपलं. तू मात्र पावसाची वाट बघत बसलीस. तो आषाढ असा कोसळला की खळग्याखळग्यातनं पाणी गडग्यावरून उड्या मारत खाली गेलं, आणि पुढच्या वर्षी कुळीथ परत हिरवे. तेव्हा तू जे बोललीस ते मी विसरू शकत नाही. तू सहज बोललीस, पान लावता लावता.

"आमचो पाऊस आमची चूक धुवन नेता. तुमच्याकडे चूक थंयच रवता मा?"

राहते, काकी. आमच्याकडं चूक तिथंच राहते. विहिरीचं खारं पाणी एका वर्षी पाजलं तर ते मीठ आजही मामांच्या बांधाकडेला पांढरं दिसतं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. तोवर मला वाटत होतं की इथं शिकायचं आणि घरी जाऊन तसंच करायचं, की झालं. तुला मी किती वेळा सांगितलं होतं, खाणीत जन्म काढायचा नाही, परत जायचं, मामांचा माळ असाच उठवायचा. पण इथं चुकायला जागा आहे. तिथं नाही.

आणि तिथं वेळही नाही. सौरऊर्जेवाले आमच्या बाजूचे माळ मागत फिरतात. शेजाऱ्यांनी दिले. आता तिथं काळ्या पाट्याच पाट्या. मामा थांबलेत ते तुझ्यामुळं. मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, आमची काकी येणार आहे बघायला. तेव्हा ते म्हणाले होते, "येऊ दे त्यांना. त्या म्हणतील तसं. न्हायतर देऊन टाकू."

त्यावरूनच आपलं ते भांडण. आठवतं? मागच्या माघात, सड्यावर, दोघी पाला पसरत होतो.

"पालो नाय, शेण नाय, मगे आसा तरी काय तुमच्याकडे?"

"मेंढरं आहेत. धनगर पावसाच्या तोंडाला परत येतात, त्यांना सांगितलं तर रानात बसवतात. लेंड्या पडतात, मूत पडतं."

"मगे बसव. माका कित्याक इचारतंस?"

"मेंढराचं खत उष्ण असतं काकी. पाऊस झाला तर सोनं, नाही झाला तर उगवलेलं जळतं. आणि एक पीक जळलं की मामा जमीन देणार."

"मगे वरसून झाक."

"कशानं झाकू? पाला नाही म्हणून तर रडते."

"बाजरीचा सरमड आसा मा?"

"ते जनावरं खातात."

"जनावरां विकलास म्हणतंस मा?"

"आमची विकली. शेजाऱ्यांची येऊन खातात!"

"मगे शेजाऱ्यांका बसव रानात," तू म्हणालीस, आणि दोघीही हसून हसून खाली बसलो. पण मी हट्टानं परत विचारलं, बसवू का नको, एक सांग. तेव्हा तू चिडलीस. "माती हातात घेतल्याबगर काय सांगू मी? डाक्टर फोनार पोट दाबता काय? येतंय मी. हो पाऊस बघूया, दिवाळी झाली काय येतंय. फोंड्याच्या बाजारापर्यंत गेलंय, वर घाट चढूक नाय कधी. तुझ्यापायी चढान."

घाट चढायच्या आधीच तू गेलीस. भांडण तसंच राहिलं. बसवू का नको, हे अर्धंच.

दवाखान्यात मी आले होते तेव्हा तुला बोलवत नव्हतं. नाकाला नळी. मला वाटलं तू पाणी मागतेस, म्हणून वाकले. तर म्हणालीस, "झाकलंस?" मी म्हटलं, "झाकलं काकी, सगळं झाकलं." तू डोळे मिटलेस. मी तिथं तुझा हात धरून पुष्कळ काही बोलणार होते. घरातनं ठरवून आले होते. आभार मानायची रीत आमच्यात नाही, तुमच्यातही नाही. तरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी फक्त तुझी चादर नीट केली.

आता सांगून काय उपयोग? पण सांगते. माझी आई मी लहान असताना गेली. तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. मी इथं आल्यापासून आई म्हटलं की तू डोळ्यांपुढं येतेस, कमरेला काष्टा, हातात कोयती, तोंडात शिवी. असू दे.

मालकांनी एक तोड सुचवली होती. चिऱ्यांचे ट्रक फोंडाघाटातून वर जातातच. एका ट्रकमध्ये माती टाकू, आपल्या रानात पसरू. सतीशभाऊ देतायत, खाणमालक काही म्हणणार नाही. मालकांना वाटलं मला बरं वाटेल. मी नको म्हटलं. ती माती इथल्या ओलीत, इथल्या सावलीत वाढलेली. आमच्या माळावर उघडी टाकली तर आठ दिवसांत तिचं पीठ होईल आणि मी ते उडताना बघत बसेन. तू असतीस तर हेच म्हणाली असतीस. का नसतीस? हे बघ, आता हेसुद्धा मला ठाऊक नाही.

"मग काय खाणीत जाऊ द्यायची?" मालक म्हणाले.

त्यांच्यावर तरी कशी रागावू? त्या खाणीवर आमची चूल आहे. इतकी वर्षं एकाच घरातलं एक माणूस खाली दगड वाहत होतं आणि एक वर माती करत होतं. कोण जिंकणार हे कळायला काय शाळा लागते? मलाच कळलं नाही.

आणि काल जेसीबी आला. पावसाआधी वरचं साफ करून ठेवायचं म्हणे.

मी जाणार नव्हते. पण आवाज खोलीपर्यंत येत होता, बसवेना. वर गेले तर गडगा एका बाजूनं मोडून झाला होता. काजूची झाडं आडवी. जेसीबीचा दात खळग्यात उतरायचा आणि सगळं एका घासात वर यायचं. तुझी सोडणं अर्धी कुजलेली, काळी. पाल्याचे थर, पोळी सुटावी तसे सुटत होते. पांढरी मुळं लोंबत होती. काळीभोर माती गं काकी. मी आतली माती एवढी कधी बघितलीच नव्हती, आपण नेहमी वरूनच हात घालायचो. खाली कातळ लागला की जेसीबी करकरायचा आणि पुढच्या खळग्याकडं वळायचा. जितकी वर्षं लागली तितकी मिनिटंही त्याला लागली नसतील. चालवणारा परमुलखातला पोरगा. त्यानं मला बघून हातानं खुणावलं, पुढं येऊ नका. मी मागं सरले.

मग बगळे आले. कुठून आले कोण जाणे. पंधरा-वीस पांढरे बगळे जेसीबीच्या मागं मागं चालायला लागले, नांगरामागं चालतात तसे. माती वर आली की चोच मारायचे. आपली गांडुळं. एकेक ओढून काढत होते, मजेत, घाई न करता. त्यांना वाटलं असणार, नांगरणी लागली. मी दगड उचलला होता. टाकून दिला. त्यांना हाकलून काय झालं असतं?

तेवढ्यात मामांचा फोन आला. जेसीबीच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून मी कातळाच्या टोकाला गेले.

"शालन, मेंढरं आल्याती गं. धनगर म्हणतुया, आज बसवायची तर बसवतो, उद्या पुढं जाणार. काय करू?"

तू गेलीस हे मी घरी सांगितलेलं नाही, काकी. सांगितलं असतं तर त्याच दिवशी मामांनी जमिनीचा कागद केला असता. आज सांगते, उद्या सांगते, करत राहिले.

"मामा, यंदा पावसाचं काय म्हणतायत तिकडं?"

"पावसाचं कोण सांगणार? तू बसवू का नको ते बोल. आणि तुझ्या एकटीचं नको बाई. काकींना इचारून सांग. हायती का जवळ?"

मागं जेसीबी करकरला. मी वळून बघितलं नाही.

"हायती," मी म्हटलं.

"मग इचार की. मी धरतो फोन."

मी फोन कानापासून लांब धरला आणि उभी राहिले. खाली खाडी दिसत होती, माड दिसत होते, तुझ्या घराची कौलं दिसत होती. माणसाला विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबले. खरंच विचारलं, काकी. दोनदा विचारलं.

मग फोन कानाला लावला.

"बसवा म्हणाल्या," मी सांगितलं.